सोवळ्यातली शेगडी

हे मार्गदर्शन कोणासाठी, ते आधी सांगितलेले बरे. ज्यांच्या ओट्यावर निळी ज्योत आहे, खिट्टीला लायटर लटकतो आहे आणि बर्नरची भोके टाचणीने कोरायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल पान उलटावे. इंग्लंडात स्लाउ, हॅरो किंवा हाउन्स्लोला भाड्याच्या घरात नुकतेच सामान टाकून, ओट्यावरच्या काळ्या काचेकडे बघत ‘शेगडी कुठाय?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसासाठी हे लिहिले आहे. शेगडी तीच. तिला इथे सिरॅमिक हॉब म्हणतात. तिच्यावर आपण आत्ता मोबाइल, घराच्या किल्ल्या आणि दुधाची प्लास्टिकची बाटली ठेवली आहे. तिन्ही वस्तू आधी उचलाव्यात, मग पुढे वाचावे.

आजीचे सोवळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विषय लवकर कळेल. अमक्याला शिवायचे नाही, तमके इथे ठेवायचे नाही, आणि का म्हणून विचारायचे नाही. हॉबचे सोवळे त्याहून कडक असते. मात्र इथे प्रत्येक निषेधाला कारण आहे आणि प्रायश्चित्त पौंडांत आहे. २०१९ च्या कायद्यानुसार इंग्लंडात बहुतेक घरांची अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ही सवलत ऐकून हुरळून जाऊ नये. घर सोडताना यादी घेऊन येणारा तपासनीस आधी हॉबवर वाकतो आणि उजेडात तिरपी मान करून ओरखडे मोजतो.

उत्पत्ती

अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९५३ साली त्यांनी काचेचा एक नमुना भट्टीत ६०० अंशांवर ठेवला. भट्टीचा नियंत्रक बिघडला आणि तापमान ९०० अंशांवर गेले. भट्टीत वितळलेला चिखल सापडेल या अपेक्षेने त्यांनी दार उघडले, तर आत पांढरी, घट्ट पाटी. ती चिमट्यातून निसटली, जमिनीवर पडून खणकन वाजली आणि फुटली नाही. काचेच्या पोटात बारीक स्फटिक तयार झाले होते. पुढे या कुळातल्या एका काचेची शेगडी जर्मनीतल्या माइन्त्सच्या शॉट कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. याच कंपनीची झेरोडुर नावाची भाऊबंद काच हवाई बेटावरच्या केक दुर्बिणींच्या आरशांना लागली आहे. तापली तरी ही काच जवळजवळ प्रसरण पावत नाही, हा या घराण्याचा गुण. म्हणून मधोमध लालबुंद आणि चार बोटांवर जवळजवळ थंड, अशा अवस्थेतही ती तडकत नाही. साध्या काचेचे अशाने तुकडे होतील. ज्या घराण्यातून दीर्घिका न्याहाळल्या जातात त्याच घराण्यावर आपण आता कांदा परतणार आहोत. थोडा विनय ठेवावा.

जमिनीवर पडलेला मूळ नमुना फुटला नाही, यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. काचेवर पडणाऱ्या वस्तूंबाबत शास्त्र वेगळे आहे. हॉबच्या वरच्या कपाटात लोणच्याची बरणी, खलबत्ता आणि पाच किलो कणकेचा डबा ठेवण्याची आपली प्रथा आहे. बरणी सपाट पडली तर एक वेळ निभावते, कडेवर पडली तर काच गेली. कपाटात कापूस ठेवावा, हळदीची पाकिटे ठेवावीत. वास्तूचा नारळही हॉबच्या कडेवर वाढवू नये.

ज्योतीवाचून

काचेखाली एका उष्णतारोधक थाळीत पट्टीसारख्या तारांचे वेटोळे असते. वीज आली की ते लाल होते आणि त्याची धग काचेतून आरपार वर येते. हे इंडक्शन नव्हे. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असेच भांडे लागते, हिला तांबे, पितळ, ॲल्युमिनियम काहीही चालते, फक्त बूड सपाट हवे. भारतात ‘कोणतेही भांडे चालेल’ म्हणून इन्फ्रारेड शेगडी विकतात, ती हिचीच सुटी, एकचुली बहीण. तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी फार हसू नये.

मराठी स्वयंपाकाची सगळी भाषा ज्योत पाहून झालेली आहे. मंद आच, मध्यम आच, दणदणीत आच. इथे ज्योत नाही, १ ते ९ आकडे आहेत. आकडा बदलला तरी काच आपल्या सवडीने तापते आणि सवडीनेच निवते. शिवाय तार लाल होते, विझते, पुन्हा लाल होते. नवीन माणूस घाबरून आकडा वाढवत जातो. ती बिघडलेली नाही. काच जास्त तापू नये म्हणून आणि आपण मागितलेल्या आकड्याइतकीच धग द्यावी म्हणून ती मधून मधून विश्रांती घेते. तांबडा रंग गेला म्हणजे चूल विझली असे समजणे हा या संपूर्ण शास्त्रातला सर्वांत महाग गैरसमज आहे. रिकामी तापलेली काच पाचशे अंशांच्या घरात जाऊ शकते आणि रंग उतरल्यावर ती पुन्हा सोज्ज्वळ काळी दिसते.

यासाठी बहुतेक हॉबवर ‘एच’ हे अक्षर किंवा एक लाल ठिपका असतो. काच हात लावण्याजोगी होईपर्यंत तो पेटलेला राहतो. त्यावर विश्वास ठेवावा, पण इथे आपल्याच शिस्तीचा एक सापळा आहे. सहा महिन्यांच्या व्हिसावर आई येतात. त्यांचे आयुष्य झोपण्यापूर्वी सिलिंडरचा कॉक बंद करण्यात गेलेले. इथे सिलिंडर नाही, पण भिंतीवर हॉबचा मोठा तांबडा स्विच आहे. पोळ्या झाल्या की आई तत्परतेने तो खट्कन बंद करतात. वीज गेली, तसे ते ‘एच’ही गेले. काच तापलेलीच.

“अहो आई, हात नका लावू!”

“अगं, मी मेन बंद केलाय. आता कसली भीती?”

“म्हणून तर भीती.”

म्हणून काच निवेपर्यंत भिंतीवरचा स्विच चालू ठेवावा. बंद करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेऊ नये. त्याऐवजी चुलीवर पाण्याचे भांडे ठेवून द्यावे. भांडे दिसले की कोणी तिथे हात टेकत नाही आणि पोळ्यांचा प्लास्टिकचा डबाही ठेवत नाही.

दूध

नव्या घरात दूध उतू घालवायची आपली रीत आहे. गॅसवर उतू गेले तर ज्योत विझते, बर्नर पुसावा लागतो, शुभ झाले म्हणायचे. हॉबवर दूध काचेवर पसरते, करपते, त्याचा तपकिरी पापुद्रा होतो, धूर निघतो, आणि छतावरचा धुराचा गजर घरच्या देवापेक्षा आधी जागा होतो. शेजारी दार वाजवतात. गृहप्रवेशाला एवढे पाहुणे अपेक्षित नसतात.

त्यावर तोडगा असा. दूध लहान भांड्यात घ्यावे आणि ते भांडे सपाट बुडाच्या पसरट पातेल्यात ठेवून पातेले हॉबवर ठेवावे. दूध वर येते, भांड्याबाहेर जाते आणि पातेल्यात उतरते. दूध उतू गेले पाहिजे असे शास्त्र सांगते. ते कशात जावे याबद्दल शास्त्राने काही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

रोजच्या दुधाला हा लाड नको, पण एक लक्षात ठेवावे. गॅसवर दूध वर आले की आपण बटण फिरवतो आणि ते शहाण्यासारखे खाली बसते. हॉबचे बटण फिरवणे म्हणजे अर्ज करणे, मंजुरी काही मिनिटांनी येते. दूध वर आले की भांडे उचलावे. भाजी, भात, वरण यांच्याबाबत याच आळसाचा फायदा घ्यावा: पाच मिनिटे आधी बंद करावे, उरलेल्या धगेवर शिजते.

गूळ आणि साखर

या प्रकरणापुढे बाकी सगळी क्षुल्लक आहेत. हॉबच्या वर्षातला सर्वांत घातक दिवस मकर संक्रांत.

चिक्कीचा गूळ, पाण्यात टाकून गोळी टणक झाली की नाही ते पाहणे, आणि त्या उत्साहात पातेल्याबाहेर ओघळलेला पाक. दूध करपले तर खरवडून निघते. पाक निघत नाही. वितळलेली साखर तापलेल्या काचेला घट्ट धरते. निवताना साखर आकसते, काच मात्र आपल्या कुळधर्माप्रमाणे जागची हलत नाही. या ओढाताणीत साखर सुटते तेव्हा काचेचा बारीक टवका घेऊनच सुटते आणि हॉबला देवीचे व्रण राहतात. ते कोणत्याही मलमाने भरत नाहीत.

म्हणून ‘तापलेल्या काचेशी झटू नये’ या मुख्य नियमाला इथे एकच अपवाद. पाक सांडला की बटण बंद करावे, पातेले उचलावे, हातात ओव्हनचा जाड हातमोजा घालावा आणि पाक मऊ असतानाच ब्लेडच्या खरवडणीने, ती तिरपी धरून, तो थंड भागाकडे लोटावा. ‘आधी लाडू वळून घेऊ, मग बघू’ हे वाक्य या घटकेला उच्चारू नये. वितळलेले प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमची फॉइल यांनाही हाच न्याय. खरवडणी सणाच्या आधी विकत घेऊन ठेवावी आणि ब्लेड मिटवूनच खणात टाकावे. जॅम, गुळांबा, पुरण, सुधारस करतानाही ती हाताशी असावी. फोडणीला तिची गरज नाही. फोडणीसाठी फक्त खिडकी उघडावी.

इतर डाग निवल्यावर पुसावेत. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर यांना हॉबच्या खोलीतही येऊ देऊ नये.

पात्रापात्रविचार

तुळशीबागेतून विमानाने आलेला बिडाचा तवा हा घरातला मानाचा पाहुणा. त्याची पाठ मात्र खरखरीत असते, आणि पोळी भाजताना तवा मागेपुढे ढकलायची आपल्या हाताला खोड असते. एका पिठल्या-भाकरीत काचेवर नकाशा उमटतो. भांडे सरकवू नये, उचलावे, ठेवावे. ठेवण्याआधी बूड पुसावे, कारण मिठाचा एक खडाही काचेला पुरतो. ॲल्युमिनियमचे भांडे घासले गेले तर रुपेरी रेघा राहतात. गोल बुडाची लोखंडी कढई काचेला एका बिंदूत टेकते, तापत नाही आणि डुलते. डुलणाऱ्या कढईत तेल असते, हे वेगळे सांगायला नको.

फुलके आचेवर टाकायचे असतील तर आच नाही. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावेत. भरिताचे वांगे ओव्हनच्या ग्रिलखाली भाजावे, आधी सुरीने टोचून. न टोचलेले वांगे आत फुटते आणि मग ओव्हनचेही सोवळे सुरू होते.

आपत्प्रकरण

इथून पुढे हसू नये. पुऱ्या तळताना तेलातून धूर येऊ लागला तर बटण बंद करून भागत नाही, कारण काच अजून तेल तापवतच असते. म्हणून तळताना तिथून हलू नये, फोन आला तरी. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये: पाणी पेटत्या तेलात बुडते, क्षणात वाफ होऊन सतराशे पट फुगते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलून बाहेर पळू नये. हात सुरक्षित पोहोचत असेल तर वीज बंद करावी, घरातल्यांना बाहेर काढावे, मागे दार ओढून घ्यावे आणि ९९९ वर फोन करावा.

हात भाजला तर हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे गार वाहत्या नळाखाली धरावा. वीस मिनिटे फार वाटतात. घड्याळ पाहून धरावा. बर्फ नको.

आणि काचेला तडा गेला, अगदी केसाएवढा, तरी त्यावर स्वयंपाक करू नये. तड्यातून सांडलेले पाणी खालच्या जिवंत तारांपर्यंत जाते. ‘तेवढा भात होऊ दे’ चालणार नाही. आधी भिंतीवरचा तांबडा स्विच बंद करावा, मग फोटो काढून घरमालकाला कळवावे, मग जेवण बाहेरून मागवावे. हा क्रम बदलू नये.