एकलाच का, भो?

माझा भाचा एकवीस दिवस व्हिएतनाममध्ये एकटा फिरून आला आणि पुण्याहून थेट जळगावला आम्हाला फोटो दाखवायला आला. चारशे फोटो. त्यांतल्या निम्म्यांत तो पाठमोरा. "मामा, सोलो ट्रिपमध्ये माणूस स्वतःला सापडतो," तो म्हणाला. हा हरवला कधी होता, हे आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे आमच्या घरातला कुठलाही वाद शेवटी नकाशावर येतो. मी हनोईवर बोट ठेवलं आणि २१ अंशांच्या रेघेवरून सरळ पश्चिमेकडे ओढत आणलं. लाओस गेलं, ब्रह्मदेश गेला, उपसागर ओलांडला, ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ करत बोट जळगावात येऊन थांबलं. एकच अक्षांश! "विमानाला एवढे पैसे घालून तू आपल्याच रेघेवर जाऊन आलास," मी म्हणालो.

"पण मामा, ते ट्रॉपिकल आहे."

आता मात्र माझ्यातला मास्तर उठला. कर्कवृत्त आपल्या डोक्यावर अडीच अंशांवर, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर उत्तरेला, भोपाळच्याही जरा वरून जातं. आपण जन्मापासून उष्ण कटिबंधात राहतो. फक्त आपण त्याला ट्रॉपिकल न म्हणता 'उन्हाळा' म्हणतो. त्याच रात्री मी जाहीर केलं, की आपणही सोलो ट्रिप करणार. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास, आणि आख्खा खानदेश. महिना मे.

"एकटे?" बायको म्हणाली. "कोथिंबीर आणायला गेलात तरी दोन माणसं जेवायला घेऊन येता." तिने खिशात कांदा कोंबला, डोक्याला उपरणं दिलं, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं. मी जिना उतरेपर्यंत ती फोनला बसली होती. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही.

स्टँडवर पहिलाच प्रश्न आला: "एकलाच का, भो?" पुढे सात दिवस हाच प्रश्न मला वेगवेगळ्या चेहऱ्यांनी विचारला. आमच्याकडे माणूस एकटा प्रवास करतो तो तीन कारणांनी: मुलीसाठी स्थळ बघायला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर घरी भांडून. मी "सहज फिरायला" म्हटल्यावर त्या गृहस्थांनी माझ्याकडे, मग उन्हाकडे पाहिलं आणि चौथं कारण स्वतःच शोधलं. "दवाखान्यात काय म्हणतात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. बस लागताच त्यांनी खिडकीतून स्वतःचा रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली आणि स्वतः सावद्यापर्यंत उभे राहिले.

रावेर-यावल पट्ट्यात शिरलं की वारा बदलतो. दोन्ही बाजूंना केळी. त्या बागेत पाऊल टाकलं की बाहेरच्या भट्टीचं झाकण कुणीतरी बंद केल्यासारखं होतं. तिथे तासभर एकटं बसायचा माझा बेत होता. पण बागवाल्याने मला पाहिलं, खाट आणवली, आणि कांदेबाग व मृगबाग यांतला फरक सांगायला घेतला. (कांदेबागेत कांदा नसतो. ही लागवड हिवाळ्याच्या तोंडची, मृगबाग पावसाळ्याच्या. भाच्याला हे सांगितलं असतं तर त्याने कांदा शोधत फोटो काढले असते.) निघताना त्याने एक फणी दिली. पुढच्या शेतावर दुसरी मिळाली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या आनंदाचा माझ्या वाट्याचा भाग मी दोन दिवस पिशवीतून वाहत होतो. ज्याला द्यावी तो म्हणायचा, "केळी? आमच्याकडेच शे ना," आणि वर चार स्वतःची ठेवायचा.

"भरीत मात्र आता नाही हो," प्रत्येक जण ओशाळून म्हणायचा. "वांगी हिवाळ्याची. थंडीत या, शेतावर भरीत लावू." सात दिवसांत मी डिसेंबरची चौदा जेवणं ठरवून बसलो.

सगळ्यात आवडलं ते उनपदेव. सातपुड्याच्या पायथ्याशी, अडावदजवळ, गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. मे महिन्यात खानदेशात गरम पाण्याचा झरा बघायला जाणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात, हे मलाही कळत होतं. ज्या अनोळखी पोराने न विचारता मला मोटारसायकलवर घेतलं, त्यालाही कळत होतं. तो वाटेत दोनदा मागे वळून माझी तब्येत बघत होता. धारेखाली चार म्हातारे आधीच उभे होते. "या, या, जागा आहे!" मला आत ओढून त्यांनी पाठ चोळून दिली. बाहेर आलो तर ओल्या अंगाला लू लागली, आणि काय सांगू, मला हुडहुडी भरली! बाष्पीभवन मी एकतीस वर्षं फळ्यावर शिकवलं. समजलं त्या दिवशी, त्रेचाळीस अंशांत दात वाजवताना.

अमळनेरला साने गुरुजी शिकवत होते ती शाळा बाहेरून पाहिली. तत्त्वज्ञान मंदिरात घटकाभर स्वस्थ बसावं म्हटलं, तर बायकोची मावसबहीण स्टँडवरच उभी. तेव्हा मला त्या फोनचा उलगडा झाला. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि मग संध्याकाळपर्यंत छताचा पंखा: अमळनेरची एवढीच प्रेक्षणीय स्थळं मी पाहिली.

धुळ्यात मात्र नातेवाईक नव्हते. इथल्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिलं २१ फेब्रुवारीला. मी बोटं मोजली. अकरावा अध्याय, ज्यात आकाशात हजार सूर्य एकदम उगवल्याची उपमा आहे, तो बरोबर १ मेला येतो. धुळ्याच्या श्रोत्यांना ती फोड करून सांगावी लागली नसणार.

आणि एक काम मी मुद्दाम धुळ्यासाठी राखलं होतं. उष्ण कटिबंधात सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो. आमच्याकडे त्यातली पहिली वेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात. घड्याळात साडेबाराच्या सुमाराला पांझरेकाठच्या मोकळ्या जागेत मी बाटली उभी ठेवली. तिची सावली आत आत सरकत बुडाखाली गेली. माझीही चपलांखाली गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सात दिवसांत प्रथमच मी एकटा होतो, अगदी सावलीसुद्धा सोबत नव्हती. मी उपरणं काढलं आणि डोळे मिटून तसाच उभा राहिलो.

"अरे, नानाले ऊन लागनं रे! पानी आन!"

कुठून आली एवढी माणसं, देव जाणे. कुणी मला खांद्याला धरून निंबाखाली नेलं, कुणी कैरीचं पन्हं तोंडाला लावलं, एकाने माझ्याच खिशातला कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. मी शून्य सावलीचा दिवस समजावू लागलो, तसे ते जास्तच घाबरले. म्हणाले, बडबडू नका. माझ्या फोनवरून घरी फोन गेला. बायकोला धीर म्हणून एकाने फोटोही काढून पाठवला. माझ्या सोलो ट्रिपचा तेवढाच एक फोटो. त्यात अकरा माणसं आणि एक बकरी आहे. भाच्याने तो मोठा करून करून पाहिला. मी त्यात कुठे आहे, ते त्याला अजून सापडलेलं नाही.