श्रीयुत कंपनराव यांस

श्री. कंपनराव,
मुक्काम : पाणबुडीमागे ओढली जाणारी केबल



आपण मजेतच असाल. थरथरण्यापलीकडे आपल्याला दुसरे काम ते काय! तरी आपल्या कामगिरीची जाहीर दखल घ्यावी म्हणून हे पत्र.

१९७७ साली अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने ऑप्टिकल फायबरने पाण्यातला आवाज टिपून दाखवला. पोकळ, लवचीक नळीवर फायबर गुंडाळायचा. ध्वनीच्या दाबाने नळी आकसते, फायबरची लांबी किंचित बदलते आणि आतल्या लेझर प्रकाशाची फेज सरकते. ती तुलनेच्या दुसऱ्या फायबरमधल्या प्रकाशाशी ताडून मोजली की झाले. आमंत्रण ध्वनीला होते. आलात आपण, तेही सहकुटुंब.

फेज मोजणाऱ्याला काय, फायबर ताणला की ताणला; दाबाने की हिसक्याने, हे त्याला कुठून कळणार? आणि आपला नेम तरी केवढा अचूक! २० मिलिमीटर जाडीची केबल प्रवाहाला आडवी, सेकंदाला २ मीटर वेगाने ओढली की मागे भोवरे सुटतात आणि ती सेकंदाला साधारण २० वेळा थरथरते. दूरच्या जहाजांचे पंखे नेमके याच खालच्या पट्टीत घुमतात. शिवाय केबल १ मिलिमीटर जरी खाली-वर झाली, तरी दाब सुमारे १० पास्कलने बदलतो. आम्ही शोधतो तो आवाज मायक्रोपास्कलमध्ये मोजायचा! (हा दाब मात्र खराच, त्यामुळे आपल्याला खोटारडेही म्हणता येत नाही.) अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांनी हे फायबरचे कान अंगावरच बसवले, तिथे तर यजमानाची यंत्रेच आपल्या दिमतीला.

नळी टणक केली तर आपण जाल, पण ध्वनीही जाईल. ज्या मऊपणामुळे ऐकू येते, त्यातूनच आपण शिरता. म्हणून नळी मधोमध धरली : हिसका बसला की एक अर्धा भाग ताणतो, दुसरा आकसतो, बेरीज शून्य. मग आत दुसरी, दाबापासून झाकलेली नळी घातली आणि तुलनेचा फायबर तिच्यावर गुंडाळला. हिसका दोघींना, आवाज एकीलाच. वजाबाकी केली की आपण गायब.

कागदावर. प्रत्यक्षात फायबर चिकटवणाऱ्या इपॉक्सीचा थर एका अंगाला जरा जाड बसतो, गुंडाळताना ताण कमी-जास्त होतो, आणि तेवढ्या फरकावर आपला संसार चालतो.

आपण येणारच. एक विनंती : येताना दोन्ही नळ्यांवर सारखेच या.

आपला,
एक त्रस्त श्रोता