नाकासमोर पुणे

नाशिकचा ओझर विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत. ओझरहून उडायचं, नाक दक्षिणेला धरायचं आणि १७० किलोमीटरवर उतरायचं. ना वळण, ना खड्डा, ना टोलनाका. विमानाने ताशी ५०० किलोमीटरचा वेग धरला तर काम २० मिनिटांचं. एवढ्या वेळात द्वारका चौक पार करणाऱ्याचा नाशकात सत्कार होऊ शकतो.

हिशेब कागदावर इतका शोभतो, की त्याला तिथून हलवायला कोणाचा जीव होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचं १९ आसनी विमान ओझरहून पुण्याला झेपावलं. तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपयांची भाडेमर्यादा, कंपनीची तूट भरायला सरकारी अनुदान, उडायला आम नागरिक. सगळं जमून आलं होतं. पुढे वेळापत्रक आधी डळमळलं, मग सेवाच थांबली. आम नागरिक मुकाट्याने पुन्हा एसटी स्टँडवर आला.

थेट विमान नसलं तरी धीर सोडू नये. ओझरहून उत्तरेला अहमदाबाद गाठावं, तिथून उलटं फिरून पुण्यात उतरावं. एकूण अंतर साधारण ८७० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या पाचपट. आपल्या द्राविडी प्राणायामाला आता बोर्डिंग पासही मिळतो! मुळात विमानासाठी घर सोडलं की पुण्याकडे पाठ करून, आडगावमार्गे आग्र्याच्या दिशेने वीसेक किलोमीटर जायचं असतं. दिशा चुकवायची सवय तिथूनच लागते.

रस्त्याने जाणाऱ्यांचं सिन्नर, संगमनेर, नारायणगाव बरं जातं. मग चाकण येतं. चाकणला मोटारी तयार होतात. तयार झाल्यावर त्या कारखान्याच्या दारातच उभ्या राहतात, असा प्रवाशांचा समज आहे आणि तो खोडून काढणारा पुरावा अजून पुढे आलेला नाही.

राहिली नियोजित नाशिक-पुणे सेमी-हायस्पीड रेल्वे. तिच्या वाटेत खोडदची जीएमआरटी दुर्बीण आली. दूरच्या आकाशगंगांचा क्षीण आवाज ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांना गाडीचा व्यत्यय नको, म्हणून मार्ग बदलायची वेळ आली. आपल्याकडे रेल्वे अडते ती आकाशामुळे आणि विमान अडतं ते जमिनीवर.

गंमत म्हणजे विमानांचा दुष्काळ नाशकात कधीच नव्हता. ओझरला एचएएलने मिग-२१ बांधली, सुखोई-३० बांधली. सुखोईचा कमाल वेग आवाजाच्या जवळजवळ दुप्पट. त्या वेगाने लोहगाव पाच मिनिटांवर. लोहगावला तर हवाई दलाचा सुखोईंचाच तळ आहे. म्हणजे वाट ओळखीची, धावपट्टी दोन्हीकडे तयार आणि विमान घरचं.

तेव्हा २०२७ च्या सिंहस्थाआधी शासनाकडे एकच नम्र मागणी. सुखोईला दोन सीट असतात. पुढची वैमानिकाची, तिला हात लावू नये. मागची ‘उडान’खाली २,५०० रुपयांत आम नागरिकाला द्यावी. तिथे एरवी बसणाऱ्या अधिकाऱ्याला शिवशाहीचं तिकीट काढून द्यावं. देशाच्या संरक्षणाला धोका नाही. चाकणला पोहोचल्यावर शत्रूलाही तिथून हलता येणार नाही.