चिमणीच्या खोलीतले भाडेकरू

चिमणीसाठी टांगलेल्या खोक्यात चिमणीच राहायला येईल, याची हमी कुणी देत नाही. आमच्या घोलवडच्या चिकूवाडीतल्या घराला पडवी आहे, पडवीत खोका आहे, आणि आत कोण नांदतंय हे चोचीतल्या सामानावरून ओळखावं लागतं. गवताची पाती, सुतळीचे धागे, केरसुणीच्या काड्या, कोंबडीचं पीस असा संसार आत जातो आणि निम्मा भोकातून बाहेर लोंबत राहतो, ती चिमणी. चिऊचं घर मेणाचं असं ज्याने सांगितलं, त्याने ते आतून पाहिलेलं नसावं. बारीक मुळ्या आणि काड्यांचा पातळ, आटोपशीर थर असेल तर दयाळ. हा पहाटे इतकं गोड गातो की भाडं मागायला जीभ रेटत नाही. काथ्या-कापसाचा घट्ट गोळा दिसला तर खार. आणि काड्या, कागदाचे कपटे, प्लॅस्टिकची पिशवी, एखाद वेळी सापाची कातसुद्धा, असं हाताला लागेल ते भरलं असेल, तर साळुंकी.

आमच्याकडे साळुंकी आली. चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं. तेवढ्यातून साळुंकीला शिरता येत नाही. सुताराला आकडा कागदावर लिहून दिला होता. त्याने चांगलं दोन इंचांचं पाडलं. विचारलं तर म्हणाला, "शेठ, उन्हाळा आहे, जरा हवा नको का?"

चिमणीची अंडी पांढुरकी, तपकिरी ठिपक्यांची. साळुंकीची निळी, नितळ. निळी अंडी दिसली की विषय संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्या-घरट्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. म्हणजे घरमालकाने गप्प बसायचं.

अमेरिकेतल्या घरमालकांचं तसं नाही. तिथे पूर्व भागात पर्पल मार्टिन नावाचा भिंगरीच्या कुळातला पक्षी जवळजवळ सर्वस्वी माणसांनी बांधून दिलेल्या घरांवर अवलंबून असतो. परसात खांब रोवून त्यावर त्याची अनेक खोल्यांची चाळच उभी करतात आणि अधूनमधून खोल्या तपासतात. घरटं बसकं, दाराशी चिखलाचा बांध, आत हिरवी पानं, अंडी पांढरीशुभ्र, तर भाडेकरू अधिकृत. गवत छतापर्यंत कोंबलेलं आणि अंडी ठिपक्यांची, तर घुसखोर. हा घुसखोर म्हणजे कोण? तर आपली चिऊताई! १८५१ च्या सुमारास तिला ब्रुकलिनमध्ये मुद्दाम नेऊन सोडली होती. तिथल्या पक्षी-कायद्याचं छत्र तिच्यावर नाही, त्यामुळे तिचं घरटं उपसून टाकायला मालक मोकळा. इकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. साळुंकीचीही तीच गत. किडे खाईल म्हणून १८६० च्या दशकात तिला मेलबर्नला नेली. आता ऑस्ट्रेलियात तिला पकडायला पिंजरे लावतात.

आमच्या वाडीत चिकू वेचायला तलासरीकडच्या एक वारली मावशी येतात. खोका पाहून त्या पोट धरून हसल्या. "चिमणीला घर बांधतात व्हय? ती तर आमच्याच घरात घुसायची." कुडाच्या भिंती, वर गवताचं नाहीतर कौलांचं छप्पर, त्यात फटींना काय तोटा! पाड्यावर स्लॅबची घरं झाली आणि फटी गेल्या. स्लॅब गळत असला तरी त्यात चिमणीला जागा नसते, हे मावशींचं म्हणणं मला कुठल्याही परिसंवादापेक्षा पटलं.

चिमणीची जोडी मात्र वाडी सोडून गेलेली नाही. तिने विजेच्या मीटरमागची फट पसंत केली. परवा रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाला लोंबणाऱ्या गवतातून आकडाच दिसेना. गवताला हात लावू नकोस, म्हणून मी त्याला कायदा सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मग काका, अंदाजे किती लिहू?"