शॉक आहे, पण लॉक आहे

फुल सस्पेन्शन सायकलच्या हँडलवर, डाव्या अंगठ्याला सहज लागेल असा एक छोटा खटका असतो. तो दाबला की पुढचा फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही गच्च होतात. ह्याला लॉकआउट म्हणतात. म्हणजे चार लाख मोजायचे ते सायकल खाली-वर व्हावी म्हणून, आणि त्या चार लाखांतच हा खटका येतो तो ती खाली-वर होऊ नये म्हणून. पुरणपोळी मागवायची आणि पुरण काढून ठेवायला वेगळी वाटी विकत घ्यायची, असा हा प्रकार. वाटी कार्बनची असली तर पाहायलाच नको.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाला ऑफ-रोड शर्यतीत उतरायचं होतं. त्यानं मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काका, शंभर की एकशेवीस?" मला वाटलं, रक्तदाब. तर तो ट्रॅव्हल होता. ट्रॅव्हल म्हणजे खड्ड्यात चाक किती मिलिमीटर दबतं ते. क्रॉस-कंट्री शर्यतीला १०० ते १२०, डोंगरात नुसतं हिंडायला १३० ते १५०, आणि कड्यावरून स्वतःला लोटून देणाऱ्या मंडळींना २००. ह्या चिरंजीवांनी शंभर आणि एकशेवीसमधल्या वीस मिलिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीवर, दोन दिवाळ्या काढल्या. तेवढ्या काळात त्याच्या बहिणीचं स्थळ पाहून, लग्न होऊन, बारसंही झालं.

शेवटी एकशेवीस आली. आता सॅग. तुम्ही सायकलवर नुसते बसलात तरी तुमच्या वजनानं शॉक थोडा दबतो. तो साधारण पाव दबायला हवा, असं शास्त्र आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये हा विधी झाला. चिरंजीव हेल्मेट, बूट आणि पाठीवर पाण्यानं भरलेली पिशवी अशा पूर्ण वेशात सायकलवर, कारण वजन शर्यतीतलंच हवं. एक कोपर खांबाला टेकलेलं. वॉचमननं हँडल धरलेलं. बायको उकिडवी बसून शॉकच्या दांड्यावरचं रबराचं बारीक कडं नखानं वर सरकवतेय. मग श्वास रोखून, जराही हिसका न देता उतरायचं आणि कडं किती सरकलं ते मोजायचं. कंपासपेटीतली पट्टी आणली. शॉकचा स्ट्रोक ४५ मिलिमीटर, त्याचा पाव म्हणजे सव्वाअकरा. आले तेरा. ह्यासाठी एक वेगळा इवलासा पंप मिळतो, कारण नेहमीचा पंप चालत नाही. तो लावला, हवा भरली, काढताना 'फुस्स' झालं. सगळ्यांचे चेहरे उतरले. हवा शॉकची गेली की पंपाच्या नळीची, ह्यावर वॉचमनसकट चर्चा झाली. मग पुन्हा चढायचं, पुन्हा कडं, पुन्हा पट्टी. सव्वाअकरा झाले तेव्हा पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या.

आणि गेटबाहेर पडताना त्यानं डाव्या अंगठ्यानं खटका दाबला. लॉक.

"काका, डांबरी रस्त्यावर ओपन ठेवली तर पॉवर वाया जाते ना."

बरोबरच आहे. उभं राहून पॅडल मारलं की प्रत्येक पावलाला शॉक दबतो, आणि पायातला जोर चाकाला मिळण्याऐवजी शॉकमध्ये जिरतो. खरे शर्यतपटू चढावर लॉक करतात, माथ्यावर पोचताच सोडतात आणि दगडगोट्यांत उतरतात. एकेका फेरीत त्यांचा अंगठा कितीदा तरी चालतो. आमच्याकडे अंगठा एकदाच चालतो, गेटवर. सायकल वेताळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत लॉक. वर चढताना लॉक, कारण चढ आहे. माथ्यावर फोटोसाठी उभी, तीही लॉक. उतरताना खटका सोडायचा असतो, पण तोवर हात ब्रेकवर गोठलेले असतात.

बरं, ज्या डांबरी रस्त्यावर पॉवर वाया जाईल म्हणून हा लॉक करून निघतो, तो रस्ता कधी पाहिलाय का कुणी? गतिरोधकाचं कागदावर एक माप आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, घडण मऊ कमानीसारखी. दहा सेंटिमीटर म्हणजे किती? शंभर मिलिमीटर! बरोब्बर शर्यतीच्या सायकलचा ट्रॅव्हल. म्हणजे ज्या आकड्यासाठी परदेशी इंजिनिअर आयुष्य घालवतात, तो आपल्याकडे दर दोनशे पावलांवर रस्त्यातच ओतून ठेवलेला आहे. पण उंचीचा आकडा पाळायचा आणि रुंदीचा नाही, ही कुठली रीत? पावणेचार मीटरची कमान कुठंय? काम संपल्यावर उरलेलं डांबर संध्याकाळी टेम्पोतून आणायचं, रस्त्यावर आडवं ओतायचं, फावड्याची पाठ मारायची, झाला गतिरोधक. त्याला पांढरे पट्टे नाहीत, आधी पाटी नाही, वर दिवा नाही. ज्याच्या दारापुढं वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याच्या दारापुढं गतिरोधक. उतार संपतो तिथं गतिरोधक, वळण संपायच्या आत गतिरोधक, खड्ड्याच्या अलीकडे गतिरोधक, आणि खड्डा बुजवला की त्याचाच गतिरोधक. शिवाय ते रम्बलर! अर्ध्या बोटाच्या सहा-सहा पट्ट्या ओळीनं, साठीच्या माणसाचे मणके मोजून घ्यायला. स्कूटरवर मागे बसलेल्या पोटुशी बाईनं काय करायचं? रिक्षातल्या पेशंटनं काय करायचं? त्यांना कोण देणार एकशेवीस मिलिमीटर? आणि ज्या एकट्या माणसाकडे ते आहेत, तो लॉक करून चाललाय!

असो. ह्या सायकलचं पोट सांभाळणं हाही एक संसार आहे. शॉकला वर्षाकाठी नवी सीलं, फोर्कच्या खालच्या नळ्यांना पन्नासेक तासांनी तेल, सांध्यांच्या बेअरिंगना पावसाळ्यातल्या चिखलाचं वावडं. सील बाहेरून येतं, आठवडे लागतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला शॉककडे पाहून नुसता हात जोडतो.

शर्यत झाली. एका फार्महाऊसमागच्या माळावर, बहुतेक गवतातच. चिरंजीव पोचले, धडधाकट. तक्रार एकच: लॉक-अनलॉकच्या नादात लक्ष विचलित होतं. आता सेन्सरवाली सायकल आलीय म्हणे. रस्ता कसा आहे ते ती स्वतः ओळखते, स्वतः लॉक होते, स्वतः सुटते. फोर्कला बॅटरी, शॉकला बॅटरी. जुनी विकायला काढलीय, जाहिरातीत लिहिलंय, "शॉक नव्यासारखा, कायम लॉकमध्येच चालवलेली." चार फोन आले. त्यातल्या तिघांनी पहिला प्रश्न विचारला तो लॉक नीट लागतो ना, हाच.