वरून किती?

१९६१ साली भारत सरकारनं दोन कामं केली. एक, हुंडा देण्याघेण्यावर बंदी घालणारा कायदा आणला. तो त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाला. दोन, बंगळूरच्या एचएमटीत, जपानच्या सिटिझन कंपनीचा हात धरून, मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिल्या कामाचं पुढं काय झालं ते आपण जाणतोच. दुसरं मात्र असं काही फळाला आलं की त्यानं पहिल्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं डोकं वर काढू दिलं नाही. मराठवाड्यात तरी सायकल, रेडिओ, अंगठी आणि घड्याळ या चौकडीशिवाय नवरदेवाचा पाय बोहल्याकडं वळत नसे. सायकल मागंपुढं झाली तर चालून जायचं. घड्याळ राहिलं की जावई रुसायचा, पंगतीला उठायचा नाही, आणि मुलीचा बाप कुणाची तरी ओळख काढून नांदेडला, नाहीतर थेट हैदराबादला माणूस धाडायचा. त्या काळी पैसे असले तरी एचएमटी मिळेलच असं नव्हतं. मागणी मोठी आणि माल कमी. सासऱ्याची पत त्याच्या जमिनीवरून ठरत असेल, पण परीक्षा या घड्याळावर व्हायची.

मी जुनी घड्याळं जमवतो असं लोक समजतात. खरं तर मी रुसवा निघालेले जावई जमवतो. माझ्याकडच्या ‘जनता’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ यांपैकी बऱ्याच जणांच्या पाठीवर नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, वर ‘सप्रेम भेट’. प्रेम किती ओढूनताणून वसूल केलं होतं, ते कोरायला झाकणावर जागा नसते. काहींवर ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ असतं. ती घड्याळं हमखास चांगल्या स्थितीत मिळतात, कारण घेणाऱ्याला आता कुठं वेळेवर पोचायचं नव्हतं.

डायलवर ‘सतरा ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं. आमच्या भागातल्या कितीतरी सासऱ्यांनी ‘आत सतरा माणकं हायत’ असं सांगून घड्याळ जावयाच्या मनगटावर बांधलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. फिरत्या चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून ती माणकाच्या बारीक खड्यांत बसवतात. फक्त हे माणिक कारखान्यात बनतं आणि त्याचं मोल घर्षणापुरतंच असतं. सतरा माणकं मिळाल्याच्या खुशीत जावई वर्षभर गप्प बसत असेल तर घर्षण कमी करण्याचं काम त्यांनी दोन्हीकडं चोख केलं, असं म्हणायला हवं.

पुढं टायटन आलं. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीची धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण नांदेड-लातूरच्या वरपक्षानं मोझार्ट पाठ केला तो टायटनमुळंच. माझं लग्न याच काळातलं. सासुरवाडी लातूरची. आम्ही काही मागितलं नव्हतं. हे वाक्य मराठवाड्यातला प्रत्येक विवाहित पुरुष म्हणतो आणि म्हणताना त्याच्या मनगटावर ते न मागितलेलं घड्याळ असतं.

या छंदात मला लोटलं ते नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका घडीसाज चाचांनी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर वाट्यांखाली झाकलेली उघडी मशीनं. चाचांचे वडीलही घडीसाज होते. निजामाच्या अमलातले. त्यांच्या वहीत वेस्ट एंडच्या ‘सोवार प्रायमा’ची आणि फेवर-ल्यूबाची नावं उर्दूत आहेत आणि तारखा फसली सनाच्या: आजूर, दै, बहमन. घड्याळ स्वित्झर्लंडचं, महिना इराणी, गिऱ्हाईक मराठी आणि हिशेब हाली सिक्क्यात. आमच्या भागात वेळेला नेहमीच एवढी माणसं पोसावी लागली आहेत. चाचा मला घड्याळ विकत नाहीत. ‘सर, इसको बंद मत रखो, चलाते रहो,’ एवढं म्हणून हातात देतात आणि पैशाचं मी विचारीपर्यंत दुसऱ्याचं झाकण उघडून बसतात.

पण चाचांकडून घेतलेलं घड्याळ माझ्याकडं फार टिकत नाही, त्याला कारण लातूरचे एक सर. नीटच्या शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुलं ज्या गावात येतात, त्या गावात हे गृहस्थ घड्याळं जमवतात. तिथल्या पोरांचा दिवस मिनिटामिनिटानं आखलेला असतो, आणि ज्या परीक्षेसाठी हा सगळा आटापिटा, तिथं मनगटी घड्याळ आत नेऊ देत नाहीत. ‘त्यामुळं आमच्याकडं पोरांची कोरी घड्याळं पडून राहत्यात,’ सर सांगतात. पण त्यांना कोऱ्यात रस नाही. त्यांना माझ्याकडचं हवं असतं, मला त्यांच्याकडचं.

सौद्याची जागा म्हणजे अहमदपूरचं बस स्टँड. दोघांनाही साधारण सारखंच पडतं. नांदेडहून जाताना वाटेत लोह्याच्या पुढं खंडोबाचं माळेगाव लागतं. येळवशीच्या सुमाराला तिथं जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, सगळ्यांचा बाजार. आमचा सौदा त्याच शाळेतला. बैलाचं वय दात बघून ठरवतात, आम्ही मागचं झाकण उघडून. गंज आहे का, स्क्रूच्या खाचा पेचकसानं खाल्ल्यात का, मशीनवर अंक कुठला, बॅलन्स मोकळा फिरतो का. मग घड्याळ कानाला लावायचं. चावीच्या जुन्या एचएमटीचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच; तब्येत बिघडलेलं असेल तर ते आवाजातच कळतं. टेबलावर ओरखडे नकोत म्हणून रुमाल अंथरलेला असतो. त्याच्या खाली हात घालून बोटं दाबायची तेवढी आम्ही सोडली आहेत, कारण चहावाला आधीच संशयानं बघतो.

मग तो प्रश्न येतो: ‘वरून किती?’

बदलाबदलीत दोन घड्याळं कधीच एका भावाची नसतात. एकाला दुसऱ्याच्या बरोबरीनं उभं करायला वरून काही द्यावं लागतं. माझा अनुभव असा की लातूरकडं झुकतं माप असतं. ‘पायलट’ दिलं तर वरून पाचशे मीच देतो. वर्षानं तेच ‘पायलट’ परत घ्यायला गेलो तर पुन्हा वरून मीच. या ये-जा करणाऱ्या घड्याळांनी त्या रस्त्यावर एवढा प्रवास केलाय की त्यांना एसटीची सवलत मिळायला हरकत नाही.

फसवणूक या धंद्यात भरपूर आहे, पण ती मजेची आहे. जुन्या सेइको-फाइव्हचं रंग उडालेलं डायल खरवडायचं, त्यावर झगझगीत नारिंगी नाहीतर निळा रंग चढवायचा, सापडतील ते काटे बसवायचे आणि दुर्मिळ म्हणून विकायचं. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. काळ्या डायलच्या ‘पायलट’चीही तीच गत; कारखान्यानं काळी केलेली किती आणि गल्लीत काळी झालेली किती, देव जाणे. सर असल्या मालाकडं ढुंकून बघत नाहीत. माझं मत थोडं वेगळं आहे. पन्नास वर्षं वापरून मेलेलं घड्याळ कुणीतरी रंगवून पुन्हा चालतं केलं, तर त्या रंगाऱ्यालाही थोडं श्रेय द्यावं. फक्त भाव रंगाचा द्यावा, इतिहासाचा नाही.

इतिहास विकणाऱ्यांवर मात्र सरांचा खरा राग आहे. एकदा एकानं थांबलेलं घड्याळ आणलं. काटे पहाटेच्या चारच्या थोडे अलीकडं. ‘किल्लारीचंय,’ तो हळूच म्हणाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपली होती. लातूरकडच्या माणसाला भूकंपाची ती वेळ सांगावी लागत नाही. सरांनी भाव विचारला नाही. घड्याळाची चावी ओढली, काटे फिरवून बारावर आणले आणि घड्याळ त्याला परत दिलं. तो माणूस पुन्हा त्या बाजूला दिसला नाही.

२०१६ या भागातल्या संग्राहकांच्या कायम लक्षात राहील. जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटीचा घड्याळांचा कारभार कायमचा बंद करायला मंजुरी दिली, आणि ज्या ‘कांचन’ला कपाटात कुणी विचारत नव्हतं तिचे भाव चढले. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. त्याच दिवसांत सरांनी माझ्याकडून फेवर-ल्यूबाचं ‘सी किंग’ नेलं. समुद्राचा राजा लातूरला, तेही घागरींच्या रांगा लागलेल्या असताना! ‘हे पाण्यात चालतं का?’ मी चेष्टेनं विचारलं. ‘पाणी येऊ द्या, मग सांगतो,’ सर म्हणाले. कोरडेपणाचा एक फायदा मात्र खरा: मुंबईच्या दमट हवेत जुनी मशीनं गंजतात, आमच्याकडं ती तशीच राहतात. त्याची वसुली उन्हाळा करतो. मेमध्ये आतलं तेल आटतं आणि जूनमध्ये चाचांच्या दुकानी रांग लागते.

एवढी घड्याळं सांभाळायची म्हणजे शिस्त लागते. रोज सगळ्यांना चावी द्यायची नाही, आळीपाळीनं द्यायची. उलट्या बाजूनं रेटायची नाही. एकदा जड लागली की थांबायचं. ऑटोमॅटिक असेल तर चालायला न्यायचं. मुलगा पुण्याहून येतो तेव्हा त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं आणि माझ्या मनगटावर पावलांवर जगणारं. दोघं मिळून गोदावरीच्या घाटावर फेरी मारतो. परत आल्यावर त्याचं सांगतं की बाबा फार कमी चालले. माझं सांगत नाही, रात्री दोन वाजता थांबतं.

दिवाणखान्यात लावलेली घड्याळंही सगळी एका वेळी एक वेळ दाखवत नाहीत. पाहुणे गोंधळतात. ‘नक्की किती वाजले?’ असं विचारलं की आम्ही सगळे मोबाइल बघतो.

या छंदाचा आमच्याकडचा मूळपुरुष म्हणजे तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान. निजामाच्या राज्यातल्या या माणसानं आयुष्यभर जे दिसेल ते जमवलं. हैदराबादला त्यांच्या संग्रहालयात कलकत्त्याच्या कुक अँड केल्वीचं घड्याळ आहे. दर तासाला आतून एक चिमुकला माणूस बाहेर येतो आणि घंटेवर तास देऊन जातो. दुपारी बाराला जास्तीत जास्त ठोके म्हणून गर्दीही तेव्हाच. मी बायकोला ते दाखवायला नेलं तेव्हा पोटात हेतू होता: केवढा मोठा माणूस, तरी घड्याळं जमवायचाच! तिनं बाहेरची माहिती नीट वाचली. ‘अहो, यांचं लग्न नव्हतं झालेलं,’ ती म्हणाली, ‘म्हणून मावलं एवढं.’

ती लातूरची असल्यानं सौद्यातही लातूरची आहे. मी एक जाड वही ठेवली आहे. रकाने चार: आलं, गेलं, कुणाकडं, वरून. चौथ्या रकान्यात आतापर्यंत फक्त माझ्या खिशातून गेलेले आकडे होते. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत वही उघडली तर तिच्या अक्षरात एक नोंद होती. दारावर बोहारीण आली होती. जुन्या साड्यांबरोबर घड्याळांच्या रिकाम्या डब्या गेल्या, माझ्या लग्नातल्या टायटनची धरून. आत वॉरंटीची कार्डं होती. मूळ डबी आणि कार्ड असलं की घड्याळाचा भाव किती वाढतो हे मी तिला सांगू लागलो. ती म्हणाली, ‘डबीत वेळ दिसत होती का?’

नोंद अशी होती: साड्या, डब्या – गेल्या. स्टीलचं पातेलं – आलं, झाकणासकट. वरून – काही नाही.

पुढच्या वेळी अहमदपूरला ती वही मी सरांसमोर ठेवली. त्यांनी नोंद दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पातेलं सोबत आणलंय का, असं विचारलं. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय सौदा कसा झाला ते सांगता येणार नाही, म्हणाले.