सनसेट व्ह्यूचे वेगळे पैसे

पूर्वी पुण्यात फ्लॅट बघायला जाताना तीन गोष्टी विचारल्या की काम भागायचं. पाणी किती वाजता येतं, बसस्टॉप किती लांब आहे आणि शेजारी कोण आहेत. आता बालेवाडीकडे जाऊन बघा. गारेगार ऑफिसात बसवतात, कॉफी देतात आणि घराला किती खोल्या आहेत हे कळायच्या आत इमारतीला कुठलं मानांकन आहे ते कळतं. आम्ही पाहिलेली पहिली स्कीम गोल्ड होती, दुसरी प्लॅटिनम, तिसरीला तारे. जिन्यात बायको हळूच म्हणाली, "अहो, आपण घर बघतोय की लक्ष्मी रोडवर सराफाकडे आलोय?"

हे धातू वाटण्याचं काम आयजीबीसी करते. सीआयआयनं २००१ साली काढलेली संस्था. तारे देणारी ती 'गृह', 'टेरी' ही संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय या दोघांची. शिवाय २०१८ सालची 'इको निवास संहिता' आहेच. संहिता म्हटल्याबरोबर आमच्या अण्णांनी खिशातून चष्मा काढला. ही संहिता सांगते की भिंती-खिडक्यांमधून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या वर जाता कामा नये. अण्णांचा सगळा जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेला. तिथल्या भिंतीत माणूस आडवा झोपेल एवढी जाडी होती आणि वॉट मोजायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी स्कीमच्या ऑफिसातल्या मुलीला एवढंच विचारलं, "बाळ, पश्चिमेला काय आहे?"

"बेडरूम, सर! सनसेट व्ह्यू!"

त्याचं असं आहे की घराचं दार पूर्वेला हवं, वास्तूत बसतं. दार पूर्वेला घेतलं की सगळ्यात मोठी खिडकी आपसूक पश्चिमेला जाते. ती टेकडीकडे उघडत असली, तर चौरस फुटामागे व्ह्यूचे वेगळे पैसे पडतात. म्हणजे दुपारचं ऊन आम्ही रीतसर विकत घेतलं, त्यावर स्टँप ड्यूटीही भरली. ती मात्र एक टक्का कमी पडली, कारण घर बायकोच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर घर घेतलं तर राज्य सरकार २०२१ पासून ही सवलत देतं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही चर्चेत मालकीण कोण हा मुद्दा निघतो आणि चर्चा तिथेच संपते.

आता या उन्हाचा हिशेब बघा. दक्षिणेचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला दोन फुटी छज्जा अडवतो. पश्चिमेचा सूर्य चार वाजता खाली उतरून थेट समोर उभा राहतो, वसुलीला आलेल्या माणसासारखा. त्याच्यापुढे छज्ज्याचं काही चालत नाही. तशीही आमच्या इमारतीला छज्जे नाहीतच, एलिव्हेशन बिघडतं म्हणे. तेव्हा दुपारभर एसी चालतो आणि खिडकीवर जाड काळे पडदे असतात. सूर्यास्त आम्ही हॉलमधल्या टीव्हीवर बघतो.

भिंती मात्र खरोखर चांगल्या आहेत, हे कबूल करायला हवं. एएसी ब्लॉकच्या आहेत. राख, सिमेंट आणि चुन्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू सुटून बुडबुडे उठतात आणि ब्लॉक जाळीदार होतो. आत अडकलेल्या हवेमुळे ऊन सावकाश आत येतं, वजनही कमी. पण हवा ऊन अडवते तशी खिळा धरत नाही. आल्या आल्या अण्णांना त्यांचं जुनं घड्याळ लावायचं होतं. खिळा पहिल्याच ठोक्याला पार आत गेला. अण्णा खूश झाले. घड्याळ अडकवल्यावर मिनिटभरात खिळा, घड्याळ आणि मूठभर करडी पूड असे तिघे मिळून नुकत्याच पुसलेल्या फरशीवर आले. सुतारानं येऊन भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "काका, हिला साधा खिळा नाय चालत. ब्लॉकचा वेगळा प्लग येतो." अण्णांनी घड्याळ टेबलावर उताणं ठेवलं. ते अजून तिथेच आहे. वेळ बघायची तर वाकावं लागतं.

बाकी सगळीकडे सेन्सर. पार्किंगमध्ये, जिन्यात आणि क्लबहाउसच्या स्वच्छतागृहातही. माणूस हलला तर दिवा लागतो, थांबला तर विझतो. ही योजना करणाऱ्याला स्वच्छतागृहात माणूस एका जागी बसतो, याची कल्पना नसावी. दर थोड्या वेळानं आतल्याला अंधारात हात वर करून दिव्याला आपलं अस्तित्व पटवावं लागतं. एका रविवारी मी बाहेर उभा होतो आणि आतून कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. आरती चालू आहे असं समजून एक आजी चपला काढून थांबल्या.

सोलरच्या पाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. गच्चीवर पाणी तापतं आणि ठरावीक वेळात खाली सोडतात. पण बाराव्या मजल्यावरून तिसऱ्यावर येईपर्यंत नळीत रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी बाहेर काढावं लागतं. त्यामुळे सकाळी प्रत्येक न्हाणीघरात एक गार बादली भरते आणि ग्रुपवर "सोलर आलं का?" हा प्रश्न पडतो. वरचे "केव्हाच!" म्हणतात, खालचे काहीच म्हणत नाहीत. पावसाळ्यात ढग आले की सगळे निमूटपणे गिझर लावतात.

आणि एवढं करून वीज वाचते का? पंख्यापुरतं बोलायचं तर वाचते. साधा पंखा ७५ वॉट घ्यायचा, आमचा बीएलडीसी तिसाच्या आसपास घेतो. पण पंखा कमी खातो म्हटल्यावर तो रिकाम्या खोलीतही फिरत राहतो. एसी पाच ताऱ्यांचा आहे, म्हणून मुलगा तो रात्रभर बंद करत नाही. २०२० पासून नवा एसी चालू केला की आपणहून २४ अंशांवर येतो. मग मुलगा तो १८ वर आणतो आणि दोन दुलया घेऊन झोपतो. वाड्यात साठाचा एक पिवळा बल्ब होता आणि खोलीतून शेवटी निघणाऱ्यानं तो मालवायचा हा नियम होता. इथे दिवे बंद करायचं ॲप आहे. ॲप उघडून, पासवर्ड आठवून, अपडेट होईपर्यंत अण्णा काठीच्या टोकानं बटण दाबून परत आलेले असतात. महावितरणच्या बिलात तीनशे युनिटची वेस ओलांडली की दर चढतो. अण्णा गावाला गेले की आम्ही ती हमखास ओलांडतो.

गच्चीवर वीज तयार करायचा विषयही सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला होता. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. चेअरमननी आकडे मांडले, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं की पॅनेल लागल्यावर वाळवण कुठे घालायचं. तिथून चर्चा कुत्र्यांवर गेली. ठराव पुढच्या मीटिंगला आहे.

आणि एप्रिल उजाडला की आमच्या या प्लॅटिनम इमारतीच्या गेटवर टँकरची रांग लागते. डिझेलचा धूर सोडत उभ्या राहणाऱ्या टँकरला अजून कुणी मानांकन दिलेलं नाही. पाणी वर चढवणारा पंप मात्र ऊर्जा वाचवणारा आहे, तसा बोर्डच आहे त्याच्यावर.

तेव्हा फ्लॅट बघायला निघणार असाल तर एवढं ऐका. सकाळी जाऊ नका आणि डिसेंबरात तर मुळीच नको. मे महिन्यात दुपारी चारला जा. सँपल फ्लॅटमधला एसी बंद करायला सांगा. कॉफी नको म्हणा, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून दोन मिनिटं उभे राहा. लोक हसतील, हसू द्या. मग बाहेर येऊन, शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीच्या वॉचमनला विचारा की उन्हाळ्यात टँकर किती येतात. तो खरं सांगतो, त्याला कमिशन नसतं.